पावशा दिवाळीत ओरडत नाही

कवीला येणारी पत्रं साधारण दोन प्रकारची असतात. एक, 'कविता आवडली' असं सांगणारी आणि दुसरी, 'सोबत माझ्याही चार कविता जोडल्या आहेत' असं सांगणारी. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात माझी कविता छापून आली, तेव्हा मला तिसऱ्या प्रकारचं पत्र आलं. मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं पोस्टकार्डावर लिहिलं होतं, 'कविता वाचली. बरी आहे. पण तुमच्या कवितेत सुगीच्या दिवसांत पावशा ओरडतो. पावशा दिवाळीत ओरडत नाही. तो उन्हाळा सरताना ओरडतो, पेरते व्हा म्हणतो. तोवर रान तयार पाहिजे. कळावे.'

मित्रहो, मी बी. ए. झालेला माणूस. मराठी साहित्य घेऊन. वृत्तात मात्रा चुकली तर मला झोप येत नाही. पण कवितेतला ऋतू चुकला, हे मला कळलं नव्हतं. संपादकांना कळलं नाही, मुद्रितशोधकाला कळलं नाही आणि शहरातल्या एकाही वाचकाला कळलं नाही. पावशा कुठल्या महिन्यात ओरडतो, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नाही याचीही जाणीव नव्हती. त्या पोस्टकार्डानं माझी एक निरक्षरता उघडी केली. आज मी तिच्याविषयी बोलणार आहे.

साक्षर कोणाला म्हणायचं, याची आपल्या जनगणनेची एक सरळ व्याख्या आहे. सात वर्षं पूर्ण झालेल्या ज्या माणसाला कोणतीही एक भाषा समजून वाचता येते आणि लिहिता येते, तो साक्षर. यातला 'समजून' हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसती सही करता आली, तर जनगणना त्याला साक्षर म्हणत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचं साक्षरतेचं प्रमाण ८२ टक्क्यांहून थोडं अधिक होतं. पण आपण जिथं राहतो तिथली जमीन, पाणी, झाडं, पाखरं आणि ऋतू 'समजून वाचता' येणारी माणसं किती, हे मोजायचं ठरवलं तर? या वाचता येण्याला जाणकार परिसर-साक्षरता म्हणतात. डेव्हिड ऑर या अमेरिकन प्राध्यापकांनी १९९२ साली याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि हा शब्द रूढ झाला. निसर्गातल्या गोष्टी एकमेकींशी कशा बांधलेल्या आहेत आणि त्या बांधणीत आपण कुठं उभे आहोत, हे कळणं म्हणजे परिसर-साक्षरता. झाडांवर प्रेम असणं वेगळं. प्रेम निरक्षरालाही असतं. माझं पावशावर होतंच की!

हे मोजण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९८१ साली अमेरिकेतल्या एका नियतकालिकात चार मित्रांनी मिळून एक प्रश्नावली छापली. त्यातला पहिलाच प्रश्न असा की, तुम्ही जे पाणी पिता त्याचा पावसाच्या थेंबापासून नळापर्यंतचा मार्ग सांगा. पुढं, पौर्णिमेला किती दिवस आहेत, तुमचा कचरा कुठं जातो, तुमच्या पायाखालची माती कोणती, असे प्रश्न होते. सगळे प्रश्न वाचणाऱ्याच्या राहत्या जागेचे. पेंग्विन कुठं राहतो हे त्यात विचारलेलं नव्हतं, कारण ते पाठ करता येतं.

पौर्णिमेचा प्रश्न वाचला तेव्हा मला आई आठवली. ती शाळेत गेली नव्हती. पण रमजानच्या आधी आठ दिवस तिला विचारलं, की चंद्र आज किती वाजता आणि कुठल्या बाजूला दिसेल, तर ती पत्र्यावर न चढता हातानं दिशा दाखवायची. ज्यांच्या घरात एकादशी-चतुर्थी पाळली जाते, त्यांच्या आजीलाही हे येत होतं. आम्ही मुलं मोबाइलवर पाहतो आणि मोबाइल बंद पडला की चंद्रही बंद पडतो.

२००२ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी एक गमतीचा, पण झोंबणारा प्रयोग प्रसिद्ध केला. चार ते अकरा वर्षांच्या मुलांना चित्रांची पत्ती दाखवली. काही पत्त्यांवर तिथले नेहमीचे प्राणी, पक्षी, किडे, झाडं होती, तर काहींवर पोकेमॉन या खेळातले काल्पनिक प्राणी. आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉनमधले जवळजवळ ८० टक्के प्राणी ओळखले. आपल्या परिसरातले निम्मेसुद्धा ओळखले नाहीत. म्हणजे मुलांची स्मरणशक्ती उत्तम होती. ती वापरायला आपण त्यांना काय दिलं, एवढाच प्रश्न होता.

मोजमापाची दुसरी पद्धत म्हणजे माणसाचा कल विचारणं. डनलॅप आणि व्हॅन लीअर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७८ साली तयार केलेली मोजपट्टी जगभर वापरली जाते. तिच्यात विधानं दिलेली असतात आणि ती पटतात की नाही, एवढंच सांगायचं असतं. माणसाचा निसर्गाकडे पाहण्याचा दृष्टिकोन तिच्यातून कळतो. पण दृष्टिकोन म्हणजे वागणूक नव्हे. 'पाणी जपून वापरावं असं तुम्हांला वाटतं का?' असं विचारलं तर नळ सोडून दाढी करणारा माणूसही 'हो' म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. त्याला तसं खरंच वाटत असतं. वाटणं आणि वागणं यांच्यात नळाएवढं अंतर असतं, आणि नळ चालूच असतो.

हे सगळं वाचल्यावर मी ठरवलं, की आपल्या सोसायटीतच विचारून पाहावं. मी मूळचा सोलापूरचा, पण नोकरीच्या निमित्तानं पुण्यात येऊन पंचवीस वर्षं झाली. कोजागरीला गच्चीवर दूध आटत होतं, सगळे जमले होते. मी दहा प्रश्नांचा कागद वाटला. घरात येणारं पाणी कोणत्या धरणाचं? सांडपाणी कोणत्या नदीत जातं आणि ती नदी पुढं कुठं जाते? आपल्या इमारतीच्या सगळ्यांत जवळचा ओढा कोणता? आपल्या फाटकापासून बसथांब्यापर्यंतची तीन झाडं कोणती? त्यांतलं इथलं मूळचं कोणतं, बाहेरून आलेलं कोणतं? ओला कचरा कुठं जातो? पावसाळ्याआधी कोणता पक्षी ओरडतो? (हा प्रश्न मी मुद्दाम घातला होता.)

पहिल्या प्रश्नाला बहुतेकांनी 'खडकवासला' लिहिलं. ते बरोबर आहे, पण अपुरं आहे. खडकवासल्याच्या वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणं आहेत. चारही मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठवतात आणि शहराच्या पूर्व भागाला २०२१ पासून भामा आसखेडचंही पाणी मिळतं. दुसऱ्या प्रश्नाला मुठा, मुळा-मुठा अशी उत्तरं आली. 'पुढं कुठं' याच्यापुढं मात्र कागद कोरे होते. दोघांनी 'अरबी समुद्र' असं लिहिलं. समुद्र पश्चिमेला, जवळच, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे.

दूध ढवळायला आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी थांबल्या होत्या. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून मी तोंडी विचारलं, 'मावशी, आपल्या नळाला पाणी कुठून येतं?' त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, 'कुठनं म्हंजे? आमच्या गावावरनं येतं. आमचं गाव खाली आहे, वर पाणी आहे.' त्यांच्या वडिलांचं गाव वरसगावच्या धरणात गेलं. मग त्यांनी कोणता ओढा कुठं मिळतो, कोणत्या महिन्यात कुठवर पाणी चढतं, उन्हाळ्यात देवळाचा भाग कसा उघडा पडतो, हे सगळं सांगितलं. कागदावर त्यांना शून्य गुण पडले असते. गच्चीवर मात्र त्यांच्याइतकं साक्षर त्या रात्री कोणीही नव्हतं, आणि मी तर नव्हतोच.

या एका अनुभवानं मोजमापाच्या चार गोष्टी मला शिकवल्या. पहिली, प्रश्न स्थानिक हवेत. पुण्याची प्रश्नावली नागपूरला चालणार नाही आणि मुंबईची पुण्याला. दुसरी, उत्तरं लिहूनच घ्यायची असा हट्ट नको. पान हातात द्यावं, आवाज ऐकवावा, ओढ्याच्या काठी नेऊन विचारावं. तिसरी, सगळ्यांना विचारावं. मोबाइलवर प्रश्नावली पाठवली की ती भरून पाठवतात ते आधीच या विषयाची आवड असलेले लोक. मग शहर फार साक्षर असल्याचा भास होतो. शहरात राहणाऱ्यांबरोबर शहरात राबायला येणारे, भाजी विकणारे, कचरा वेचणारे, रखवालदार यांनाही विचारलं पाहिजे. आणि चौथी गोष्ट, उत्तराची पायरी ओळखली पाहिजे.

या पायऱ्या मी माझ्यापुरत्या तीन केल्या आहेत. नाव, नातं आणि निर्णय. 'हा गुलमोहर' हे कळणं म्हणजे नाव. तो मूळचा मादागास्करचा आहे, आपल्या टेकड्यांवर सरसकट लावलेलं गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथल्या पाखरांना फळं आणि आसरा देत आले ते आपले वड, उंबर, पिंपळ, हे कळणं म्हणजे नातं. आणि पुढच्या वर्षी सोसायटीत झाड लावताना उंबर लावणं, हा निर्णय. बहुतेक परीक्षा नावाशीच थांबतात. नात्याचा एखादाच प्रश्न असतो. निर्णय मोजायला प्रश्नावली पुरत नाही. त्यासाठी टँकरच्या पावत्या, पाण्याचा मीटर आणि कचऱ्याची बादली पाहावी लागते. बादलीला खोटं बोलता येत नाही.

आता कोणी विचारील की, हे सगळं कळून करायचं काय? नदीचं नाव माहीत नसल्यानं कोणाचं अडतं? अडतं, मित्रहो. कधीकधी जिवाशी येतं.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर असंख्य मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं की आपण ज्याला नाला म्हणत होतो ती मिठी नावाची नदी आहे. विहार आणि पवईच्या बाजूनं निघते, माहीमच्या खाडीला मिळते. नाला म्हटलं की त्यात भराव टाकता येतो, त्याला भिंत घालता येते. नदी म्हटलं की तिला पूर येणार, हे धरून चालावं लागतं. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. कात्रजच्या डोंगराकडून येणारा हा ओढा पेशवाईपासून नोंदींत आहे. पण त्याच्या काठच्या कित्येक रहिवाशांच्या लेखी तो घाण पाण्याचा नाला होता, आणि नाल्याला पूर येतो हे कोणाच्या मनात येत नाही.

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचं पाणी घरात शिरलं. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत आपण वाचतो, 'खडकवासल्यातून ३५ हजार क्यूसेकने विसर्ग'. वाचतो आणि पान उलटतो. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी. ३५ हजार क्यूसेक म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ शंभर मोठे टँकर, दहा-दहा हजार लिटरचे, नदीत रिकामे होत आहेत. हे चित्र डोळ्यांपुढं आलं तर नदीपात्रात लावलेली गाडी माणूस वेळेत काढील. तसंच निळ्या आणि लाल पूररेषेचं. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. याचा अर्थ पूर एकदा येऊन गेला की पंचवीस वर्षं निर्धास्त, असा नव्हे. दरवर्षी तो येण्याची शक्यता पंचवीसात एक, असा आहे. घर घेताना आपण वास्तू पाहतो, दिशा पाहतो. निळी रेषा कुठून जाते हे विचारणारा गिऱ्हाईक मला अजून भेटायचा आहे. परिसर-साक्षरता म्हणजे फुलपाखरांची नावं, असा ज्यांचा समज आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मग ही साक्षरता वाढवायची कशी? शाळेत विषय आहेच. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. आज शाळेपासून महाविद्यालयापर्यंत तो शिकवला जातो. त्याला गुण मिळतात, प्रकल्पवही होते. प्रकल्पवही कशी होते, हे पालक म्हणून आपल्याला ठाऊक आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात स्टेशनरीच्या दुकानात जाऊन चित्रांचा तक्ता आणायचा, चित्रं कापायची, डिंकानं चिकटवायची. माझ्या मुलीनं 'नदीप्रदूषण' या विषयावर पंधरापैकी चौदा गुण मिळवले. त्या वेळी आमच्या घरापासून नदी दहा मिनिटांच्या अंतरावर होती. ती नदीवर गेली नाही आणि मीही तिला नेलं नाही. दोष फक्त शाळेचा नाही.

ज्या उपायांचा उपयोग होताना मी पाहिला, ते फार साधे आहेत. एकच जागा वर्षभर पाहणं, हा पहिला. एक झाड निवडावं. पालवी कधी, फुलं कधी, फळं कधी, पानगळ कधी, हे दर आठवड्याला लिहावं. 'सीझनवॉच' नावाचा उपक्रम देशभरातल्या नागरिकांकडून आणि शाळांकडून अशाच नोंदी गोळा करतो. दर फेब्रुवारीत चार दिवस अंगणातले पक्षी मोजण्याचा जागतिक कार्यक्रम भारतात २०१३ पासून होतो. त्यासाठी पंधरा मिनिटं आणि दोन डोळे लागतात. पुण्यात 'जीवितनदी'सारखे गट लोकांना नदीकाठी नेतात. एकदा काठावर उभं राहिलं की पाणी, जलपर्णी आणि वास मिळून जे सांगतात ते तक्त्यावर चिकटवता येत नाही.

दुसरा उपाय, नावं परत मिळवणं. मारुती चितमपल्लींनी 'पक्षिकोशा'त पाखरांची गावोगावची मराठी नावं गोळा करून ठेवली. नाव नसलेली गोष्ट हरवली तरी कळत नाही. ओढ्यावरच्या प्रत्येक पुलावर त्या ओढ्याचं नाव लिहिलेली पाटी लावली, तरी अर्धं काम होईल. 'नाला' हा शब्द त्या पाटीवर नसावा, एवढीच माझी अट.

तिसरा उपाय महापालिकेच्या हाती आहे. आपल्या महापालिका दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढतात. त्यात हवा, पाणी, कचरा, झाडं यांचे आकडे असतात. त्यात एक प्रकरण नागरिकांना काय कळतं याचंही असावं. प्रत्येक प्रभागातली काही माणसं चिठ्ठ्या टाकून निवडावीत, त्यांना हे दहा-बारा प्रश्न विचारावेत आणि वर्षानं पुन्हा विचारावेत. ज्या प्रभागात उपक्रम झाले आणि ज्यात झाले नाहीत, अशा दोन्ही ठिकाणी विचारावेत. नाहीतर पूर येऊन गेल्यावर सगळ्यांनाच नदी कळते आणि श्रेय आपल्या भित्तिपत्रकांना मिळतं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेला लोकांच्या मदतीनं जैवविविधता नोंदवही करायला सांगितलं आहे. ती कार्यालयात बसून न करता आमच्या मावशींना, माळ्यांना, मच्छीमारांना बोलावून केली, तर मोजणं आणि शिकणं एकाच वेळी होईल.

आता त्या कोऱ्या राहिलेल्या उत्तराकडे येतो. पुण्याचं पाणी कुठं जातं? मुळा-मुठा पूर्वेला वळते, भीमेला मिळते. देहू-आळंदीची इंद्रायणीही तुळापूरला भीमेलाच मिळते. भीमा उजनीच्या धरणात थांबते, तिथून पुढं पंढरपूरला जाते आणि चंद्रभागा होते. वारकरी शेकडो वर्षं पाण्याच्याच दिशेनं चालत आले आहेत. पुढं भीमा कर्नाटकात शिरते, कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्राला पाठ करून आपलं पाणी सबंध दख्खन ओलांडतं.

आणि उजनीतून सोलापूरला पिण्याचं पाणी जातं. माझी थोरली बहीण सोलापुरात राहते. तिच्या नळाला कित्येक वर्षं चार-चार दिवसांनी पाणी आलं. घरात पिंप, हंडे, कळश्या, बादल्या, जे मिळेल ते भरून ठेवायचं. आमच्याकडे शिकवण अशी आहे की वजू करताना वाहत्या नदीच्या काठी असलात तरी पाणी वाया घालवू नका. आपाला ती शिकवण वेगळी द्यावी लागली नाही, तिच्या नळानंच दिली. मी पुण्यात पंचवीस वर्षं रोज जे पाणी मोरीत सोडलं, बरंचसं अर्धवट शुद्ध होऊन किंवा न होताच नदीत गेलं, ते फिरून माझ्याच बहिणीच्या वाटेला जातं, हे मला त्या कोजागरीपर्यंत कधी सुचलं नव्हतं. ज्या प्रश्नाला माझे शेजारी अडले, त्याचं उत्तर माझ्या घरातच होतं. मी ते वाचलं नव्हतं.

गेल्या काही पावसाळ्यांत मी एक गोष्ट करतो. खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी आली की आपाला फोन करतो, 'पाणी सोडलंय, निघालंय तुमच्याकडे.' पहिल्यांदा तिला गंमत वाटली. मग एकदा ती आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, 'पानी भेज रे, मगर जरा साफ भेज.'

पावशा मी कवितेतून काढून जेठ महिन्यात नेऊन ठेवला आहे. ती चूक सोपी होती. आपानं सांगितलेली दुरुस्ती मात्र एकट्याच्यानं होण्यासारखी नाही. तिला शहर लागेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)